निजवायची राहिलेली जोडी

त्या बंगल्यातली एकही वस्तू जागची हलवायची नाही, असा तिथल्या बाईंचा दंडक होता. यजमानांचा चष्मा टेबलावर जसा उलटा ठेवलेला तसाच, काठी कोपऱ्यात टेकवलेली तशीच. भिंतीवरची एक तसबीर जराशी तिरकी होती, तीसुद्धा तिरकीच. बंगळूरच्या कँटोन्मेंटकडे मोठमोठ्या झाडांत दडलेला हा बंगला एकोणीसशे साठच्या सुमाराला लोकांना बघायला खुला झाला. यजमान कॉफीच्या मळ्यांचे मालक. जन्मभर त्यांनी जुन्या वस्तू जमवल्या. सोन्याचा वर्ख लावलेली देवांची चित्रं, पंचधातूच्या मूर्ती, हस्तिदंती डब्या, गोऱ्या साहेबांची तैलचित्रं, आणि एका काचेच्या कपाटात लाकडी बाहुल्या. मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर बाई मागच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या आणि पुढचं सगळं घर त्यांनी लोकांसाठी उघडं ठेवलं, दर शनिवारी.

लोक तिथं चित्रं बघायला जात. आमच्या घरातून तिथं जाणं झालं ते बाहुल्यांपायी.

आम्ही चामराजपेटेतले. घर मराठी, पण बंगळूरात इतक्या पिढ्या गेलेल्या की थोरल्या बहिणीला अक्का म्हणायचं, भाजीवालीशी कन्नडात भांडायचं आणि देवाकडे गाऱ्हाणं मराठीत घालायचं. दसऱ्याला बाहुल्या मांडायच्या हेही इथलंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, पेट्या, पाट आणि तेलाचे डबे रचून पायऱ्या करायचे आणि आई त्यावर धुतलेलं धोतर अंथरायची. सगळ्यात वरच्या पायरीवर राजाराणीची जोडी. लाल लाकडाची, वीतभर उंच. ही जोडी लग्नात आईबापांनी मुलीला द्यायची आणि मुलीनं ती दर दसऱ्याला सासरी मांडायची. शेजारपाजारची पोरं दारादारांत डोकावून विचारत हिंडायची, "बाहुल्या मांडल्यात का?" मांडल्या असतील त्यांनी पोरांना आत घ्यायचं, बाहुल्या दाखवायच्या, हातावर कोसंबरी, म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, नाहीतर शेव ठेवायची. बोलावणं वगैरे काही लागत नसे. तो प्रश्न हेच बोलावणं.

आणि विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाली की जोडीला आडवं करायचं. अंगावर पातळसं फडकं घालायचं, अंगाईच्या दोन ओळी म्हणायच्या. याला आमच्यात जोडी निजवणं म्हणत. निजवल्याशिवाय पेटीत घालायची नाही. उभीच उचलून ठेवली तर त्या घरच्या माणसाला स्वस्थता लाभत नाही, असं आई म्हणायची. मी म्हणायचे, "लाकडाला कसली गं झोप!" माझ्या नाकावर पहिल्यापासूनच राग, आणि जिभेला हाड नाही. आई तेवढ्यावरून पाठीत धपाटा घालायची.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी परकर-पोलक्यातली. आईनं तिची जोडी स्वतः सजवली. राणीला आपल्या वांगी रंगाच्या शालूच्या पदरातला तुकडा नेसवला. चांगला शालू कापला म्हणून आजूबाजूच्या बायका हळहळल्या, तर आई म्हणाली, "कापला तर काय झालं? शालूही तिचा आणि मीही तिचीच." राजाच्या फेट्याला अण्णांच्या उपरण्याची जर. अण्णांनी ती जर उसवून दिली, आणि फेटा बांधलासुद्धा त्यांनीच, आपल्या गुडघ्यावर उपरणं पसरून. राणीचं कुंकू माझ्याकडे होतं. माझ्या तुटलेल्या माळेतला लाल मणी मी खळीनं चिकटवला.

"अगं बाई, वाकडं लावलंस की!" अक्का म्हणाली.

"असू दे. तुझं तरी रोज कुठं सरळ असतं?"

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मणी वाकडाच राहिला.

बसवनगुडीच्या सासरी तिनं दोन दसरे जोडी मांडली. तिसऱ्या दसऱ्याला तिला आठवा महिना होता. आई तिच्या मागे लागली होती, आत्ताच माहेरी ये म्हणून. आईनं मधली खोली रिकामी करून ठेवली होती, खाटेवर नवी गोधडी घातली होती, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. अक्का म्हणाली, "दसरा करून येते गं. जोडी निजवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जटकागाडी करून येते. सासूबाईंनाही बरं वाटेल."

अष्टमीला तिला दवाखान्यात नेलं. नवमीला ती गेली. बाळही गेलं.

तेराव्याला आम्ही बसवनगुडीला गेलो. अण्णा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. आत बायकांच्या घोळक्यात आई एकदम अक्काच्या सासूबाईंना विचारते काय, तर, "तिची जोडी कुणी निजवली का हो?" मला असा संताप आला म्हणता! पोटची पोर गेली आणि ही बाई लाकडाचं काय विचारत बसली आहे! सासूबाई बिचाऱ्या रडत म्हणाल्या, "भान कुणाला होतं? शेजारच्यांनी पायऱ्या उतरवल्या, पेटीत भरलं सगळं." आई म्हणाली, "सरी," म्हणजे बरं. एवढंच. पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही.

मधली खोली मात्र तिनं तशीच ठेवली. घरात जागा ही एवढीशी, मी सोप्यात अण्णांच्या सायकलशेजारी अंथरूण टाकायची. खाट आत मोकळी. कुणी पाहुणा आला तरी ती खोली त्याला मिळायची नाही. रोज सकाळी आई आत जाऊन गोधडी झटकायची आणि पुन्हा घालायची. अण्णा अक्काचं नावच काढत नसत. दसऱ्याला पायऱ्या तेवढ्या करून द्यायचे, आणि संध्याकाळी आईची जोडी निजवायची वेळ झाली की चपला घालून बाहेर पडायचे.

भावोजींनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्यावरून मी घरात पुष्कळ आदळआपट केली. आईच म्हणाली, "करू दे. तरणा माणूस आहे, जन्मभर का एकटा बसेल?" नवी बायको अर्थातच आपली जोडी घेऊन आली. आता एका घरात दोन राजे आणि दोन राण्या मांडायच्या कशा? गेलेल्या बाईची जोडी टाकता येत नाही, जाळता येत नाही, आणि मुलीला दिलेली वस्तू माहेरी परत जात नाही. त्या लोकांनी त्यावर काय तोड काढली ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही विचारलंही नाही.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी आमच्या इतिहासाच्या बाई सगळ्या वर्गाला त्या बंगल्यात घेऊन गेल्या. खिडक्यांवर लाकडी जाळीचे टोपीसारखे छज्जे, लाल गुळगुळीत जमीन, घरभर मेणाच्या पॉलिशचा वास. सोनेरी चित्रांसमोर मुली हात जोडत होत्या, कॉलेजच्या बाई आम्हाला वर्ख कसा चढवतात ते सांगत होत्या. मी कंटाळून पुढच्या खोलीत गेले. तिथं बाहुल्यांचं कपाट होतं. वरच्या फळीवर एक जोडी, मधल्या फळीवर दोनतीन, आणि खालच्या फळीवर कोपऱ्यात वांगी रंगाचं लुगडं नेसलेली राणी. कपाळावर लाल मणी, वाकडा.

मी काचेला दोन्ही हात टेकले तर पहारेकरी ओरडला. जोडीपाशी इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी होती, लग्नातल्या बाहुल्या, म्हैसूर प्रांत, भेट. भेट म्हणे! माझ्या आईच्या शालूचा तुकडा, आणि भेट देणारे हे कोण?

घरी जाईपर्यंत मी दहादा ठरवलं की आईला सांगायचं नाही. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आई विळीवर खोबरं खवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती रडेल, किंवा त्या लोकांना चार शब्द तरी बोलेल. तिनं वाटी विळीवरून काढली आणि विचारलं, "उभी आहेत?"

"काय?"

"जोडी गं. उभी आहेत का?"

"कपाटात उभी आहेत. सगळ्याच उभ्या आहेत."

"बाराही महिने?"

अण्णा पलीकडे पेपर वाचत होते. ते पेपर न हलवता म्हणाले, "तिथं जायचं नाही. परत मागणार आहेस का?"

"दिलेली वस्तू मागायला मी काय भिकारीण आहे? मागत नाही. निजवून येते," आई म्हणाली.

शनिवारी मी आणि आई बसनं गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि पिशवीत एक धुतलेलं पातळ फडकं घेतलं होतं. एवढा बाळकृष्ण सोन्यानं झळझळत भिंतीवर बसलेला, एरवी तिनं तिथं डोकं टेकलं असतं. पण त्या दिवशी तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती थेट कपाटापाशी जाऊन जमिनीवर बसली. काचेजवळ तोंड नेलं. "कुंकू वाकडंच आहे की गं," म्हणाली आणि हसली. मग तिचा बांध फुटला. पदर तोंडात धरला तरी हुंदका ऐकू जात होता.

आवाज ऐकून मागच्या खोलीतून बाई आल्या. आईपेक्षा वयानं मोठ्या, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी कन्नडात विचारलं, "काय झालं अम्मा?" आईनं कन्नडातच सगळं सांगितलं. कुणाची जोडी, कुणी दिली, काय राहून गेलं. आणि म्हणाली, "कपाट उघडा. स्वल्प वेळ. मी नेत नाही काही. निजवते आणि जाते."

बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे कपाट यजमानांनी स्वतःच्या हातानं लावलं आहे. ते गेले त्याच आठवड्यात. यातली टाचणीही मी हलवलेली नाही. हलवणार नाही."

"दसऱ्यालाही?"

"ती वरच्या फळीवरची बघा. ती माझी जोडी, माझ्या आईनं दिलेली. यजमानांनी इथं मांडली, तेव्हापासून तीही उभीच आहे. ते म्हणायचे, निजवली तर आलेगेले पाहुणे बघणार काय?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "हे घर आहे की तुरुंग? मेलेल्या माणसाचा चष्मा पुसत बसता, आणि..." पुढं बोलू शकले नाही, कारण आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "गप्प बस. त्यांचंही माणूस गेलंय," ती मराठीत म्हणाली. बाईंना तिनं नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो.

बसच्या थांब्यावर मी तावातावानं बडबडत होते. त्या श्रीमंत बाईला माणुसकी नाही, अमकं नाही नि तमकं नाही. आई ऐकतच नव्हती. बस येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "तुझी अक्का मला सांगून गेली होती, जोडी निजवते आणि येते. ती दोघं अजून उभीच आहेत. मग तिचं त्या घरातलं काम संपलं कुठं? ती निघणार कशी, आणि येणार कशी?"

एवढी वर्षं ती खोली का झाडली जात होती ते मला तेव्हा कळलं. बसमध्ये मी तिचा हात धरून बसले.

त्या वर्षीचा दसरा आला. संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे चपला घालून निघाले आणि आई मला म्हणाली, "चल." मी म्हटलं, "अगं, सणाला बंगला बंद असतो. आणि त्यांनी एकदा नाही म्हटलंय, पुन्हा का तोंड वेंगाडायला जायचं?" आई म्हणाली, "मी मागायला कुठं जाते? त्यांच्याकडे बाहुल्या आहेत. दसऱ्याचं बघायला जायचं असतं." डब्यात कोसंबरी, ओंजळभर शेवंती, आणि तेच फडकं घेऊन आम्ही निघालो.

पुढचं फाटक बंदच होतं. बाजूच्या वाटेनं आम्ही मागच्या दाराशी गेलो. आत एकच दिवा होता. आईनं कडी वाजवली. बाईंनी दार अर्धवट उघडलं, आम्हाला ओळखलं आणि त्यांचा चेहरा आखडला. आता नकार येणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात आईनं, माझ्या पन्नाशीला टेकलेल्या आईनं, गल्लीतल्या पोरासारखं विचारलं, "बाहुल्या मांडल्यात का?"

कपाळ मोकळं झाल्यापासून बाईंच्या दाराशी दसऱ्याला कोण येणार होतं? सवाष्णी येत नव्हत्या, आणि तेवढं मोठं फाटक ओलांडायची पोरांची छाती नव्हती. त्यांनी दार पुरतं उघडलं. त्या म्हणाल्या, "मांडल्यात. या, या ना आत."

मांडल्यात म्हटलं की दाखवायच्याच. त्यांनी हातात दिवा घेतला आणि आम्हाला अंधाऱ्या दिवाणखान्यातून कपाटाकडे नेलं. भिंतीवरचे सोनेरी देव दिव्यात क्षणभर चमकून विझत होते. आई काचेसमोर उभी राहून रीतीप्रमाणे म्हणाली, "छान मांडल्यात हो." तिनं फुलं त्यांच्या हातात दिली, डबा उघडून कोसंबरी दिली. बाईंनी ती तिथंच उभ्यानं खाल्ली आणि खाताखाता रडू लागल्या. आई काही मागत नव्हती. मग बाईंनी हात पदराला पुसला, जुडग्यातली किल्ली काढली आणि कपाट उघडलं. "तुमचं तुम्ही करा," म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

आईनं फडक्याची घडी केली, फळीवर घातली. राणीला उचललं, लुगड्याच्या निऱ्या बोटानं सारख्या केल्या, तिच्या गालाला आपला गाल लावला आणि तिला आडवं केलं. घडीचा वरचा पदर तिच्या अंगावर ओढला. अंगाईच्या दोन ओळी म्हटल्या. आवाज अगदी स्वच्छ होता, मला नवल वाटलं. मग तिनं हात मागं घेतला.

"आई, राजा?" मी म्हटलं. जोडी निजवायची तर दोघांना निजवायची, एकाला निजवल्याचं मी कधी ऐकलंही नव्हतं.

"तो आहे की अजून," आई म्हणाली. "त्याचा संसार चाललाय. त्याला कशाला निजवायचं? उभा राहू दे, औक्षवंत होऊ दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र इतकं रडू कोसळलं की मी तिथंच खाली बसले. अक्का गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते, तेव्हा नुसती चिडत होते.

बाईंनी वळून बघितलं. निजलेल्या राणीकडे आणि एकट्या उभ्या राजाकडे त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, शनिवारी लोक येतात, उभी करावी लागेल. त्यांनी कपाट लावलं, किल्ली फिरवली. "राहू दे तशीच," म्हणाल्या. आईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

घरी आल्यावर आईनं मधल्या खोलीतली गोधडी काढली आणि माझं अंथरूण त्या खाटेवर घातलं. "सोप्यात गारठा असतो, आजपासून आत नीज," एवढंच म्हणाली. दुपट्यांचं गाठोडं दुसऱ्या दिवशी तिनं कोपऱ्यावरच्या बाळंतिणीला देऊन टाकलं.

पुढं दर दसऱ्याला आम्ही त्या मागच्या दाराशी जात होतो. आई तोच प्रश्न विचारायची आणि बाई तेच उत्तर द्यायच्या. कोसंबरीत मीठ कमी पडलं तर बाई सांगायच्यासुद्धा. कपाट बघायचं, थोडं बसायचं, यायचं. राणी निजलेली असायची.

साठचं दशक संपत आलं तेव्हा आई गेली. उन्हाळ्याचे दिवस, साधा ताप म्हणता म्हणता गेली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. अण्णा आधीच कमी बोलणारे, आता तर घरात भिंत बोलेल पण ते नाही. दसरा आला. वर्ष दुखवट्याचं, बाहुल्या मांडायच्या नव्हत्या. तरी संध्याकाळ झाली तशी मला चैन पडेना. बाई दाराकडे कान लावून बसल्या असतील, असं वाटलं. मी कोसंबरी केली आणि एकटीच गेले.

कडी वाजवली. दार उघडलं. मला तो प्रश्न विचारायचा होता, पण मी नुसता डबा पुढं केला. बाईंनी माझ्या मागं बघितलं, कुणी नव्हतं. त्यांनी माझा हात धरून मला आत घेतलं.

दिवाणखान्यातून जाताना काहीतरी निराळं वाटलं. टेबलावर चष्मा नव्हता. कपाटापाशी त्यांनी दिवा वर धरला. खालच्या फळीवर अक्काची राणी निजलेली, शेजारी राजा उभा. वरच्या फळीवर बाईंची स्वतःची जोडी. तिथं राणी उभी होती आणि राजा निजला होता. अंगावर पुरुषाचा मोठा रुमाल होता, चार घड्यांचा.

"गेल्या दसऱ्याला तुम्ही दोघी निघून गेलात, मग मी पुन्हा कपाट उघडलं," बाई म्हणाल्या. "किती वर्षं ताटकळत ठेवलं गं मी त्यांना! आता शनिवारी लोक विचारतात, या दोन बाहुल्या मोडल्या आहेत का? मी म्हणते, हो, मोडल्यात." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईची जोडी?"

"पेटीत आहे," मी म्हटलं. "आईनंच निजवलेली, मागच्या वर्षी."

परत येताना बसमध्ये मी एकच विचार करत होते. आई निजली. पण अण्णा आहेत. मग राजानं उभं राहायला हवं. आईनं अक्काच्या वेळी तसंच केलं होतं, तिनं सांगितलेलं चुकवायचं नाही. घरी आल्याआल्या मी पेटी काढली. दोघं फडक्याखाली एकाला एक लागून पडलेले होते. मी राजाला अलगद बाहेर काढलं, पुसलं आणि अण्णांच्या खाटेजवळच्या कोनाड्यात, रेडिओशेजारी उभं केलं. त्या दिवशी अण्णा चपला घालून बाहेर गेले नव्हते. खाटेवर बसून ते माझ्याकडे बघत होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"आई निजली अण्णा. तुम्ही आहात की. म्हणून राजा उभा."

अण्णांनी हात लांब करून राजाला कोनाड्यातून उचललं. मांडीवर घेतलं. त्याचा फेटा जरासा सैल झाला होता, तो अंगठ्यानं घट्ट केला. मग म्हणाले, "एकट्यानं उभं राहून काय करू गं मी? निजव त्याला तिच्याशेजारी."

"असं अभद्र बोलू नका!" मी ओरडलेच. "मी एकटी काय करू मग? माझा विचार आहे का कुणाला?"

"अभद्र काय त्यात?" ते म्हणाले. "तुझ्यासाठी उठेन ना मी रोज. पण ह्याला राहू दे तिच्याजवळ."

ते खाली बसले, गुडघे दुखत असताना. एवढ्या वर्षांत निजवायच्या वेळी जे घरात थांबले नव्हते त्यांनी राजाला राणीच्या कुशीला ठेवलं, फडकं दोघांवर नीट ओढलं, आणि अंगाईच्या त्या दोन ओळी म्हणायला लागले. त्यांना त्या येत होत्या. पहिली पुरी केली. दुसऱ्या ओळीत त्यांचा आवाज गेला तेव्हा ती मी म्हटली. मग त्यांनी पेटीचं झाकण लावलं, माझ्या खांद्याला धरून उठले आणि म्हणाले, "चल, पानं वाढ."